कवड्या की मण्यार

मुखरूने टोपली उचलून खाली झाकून ठेवलेला साप पाहिला.

"कवड्याच हाय ना, भाऊ?" प्रणितने विचारलं. त्याची बायको चंचल ओसरीत बोट धरून बसली होती. तांदळाचं पोतं सरकवताना तिला साप चावला होता.

पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू झालेले, शेपटीकडे पुसट होत गेलेले. कवड्याच. बिनविषारी. मूल तालुक्यात वीस वर्षं साप पकडणाऱ्या मुखरूला ते स्वच्छ दिसत होतं. पण शब्द तोंडातून निघेना.

महिन्यापूर्वी पहाटे रुखमाने, त्याच्या बायकोने, त्याला उठवलं होतं. "मले काईतरी चावलं जी." साप कोपऱ्यात होता. झोपेतल्या डोळ्यांनी त्याने पट्टे तेवढे पाहिले. पायाला सूज नाही, आग नाही. "कवड्या हाय, झोप," तो म्हणाला. त्याच्या शब्दावर सारं गाव विश्वास ठेवायचं, तीही झोपली. उजाडलं तेव्हा तिला पापण्या उचलता येत नव्हत्या. तो साप कवड्या नव्हता, विषारी मण्यार होती. चंद्रपूरच्या रस्त्यावर, गाडीतच तिचा श्वास थांबला. तेव्हापासून मुखरूला रडू आलं नव्हतं. कोणी ताट वाढलं की जेवायचा, कोणी बोलावलं की जायचा.

"गाडी काढ," तो म्हणाला.

"पण तुमीच तं शाळेत सांगत होते, कवड्याले विष नसते म्हणून."

"सांगत होतो. गाडी काढ."

मूलच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी मुखरूने साप घालून आणलेली बरणी उजेडात धरून पाहिली. "काका, हा कवड्या आहे. तुम्हीच तर मला ओळखायला शिकवलंत." त्याच्याकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "बरं. आजचा दिवस ठेवून घेऊ."

मुखरू खाटेजवळ स्टुलावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, डोरे उघड." चंचलने डोळे उघडले. "थुंकी गिळून दाखव." तिने गिळून दाखवली. असं चार वेळा झालं, पाच वेळा झालं.

"मी बरी आहो, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "तुमी जा आता. घरी वाट..." आणि मध्येच थांबली.

"जातो," तो म्हणाला आणि बसून राहिला.

खिडकीतलं ऊन सरकत सरकत निघून गेलं. चंचलचा डोळा लागला. प्रणित चहा आणायला खाली गेला. मुखरू तिच्या अंगावरच्या चादरीकडे पाहत होता. चादर वर जात होती, खाली येत होती.