काजव्याचा शेवटचा हिरवा

नरहर गार्डांच्या सगळ्या गोष्टींत माणसं दोनच असायची, एक ते स्वतः आणि दुसरा त्यांच्या मालगाडीचा ड्रायव्हर तुळशीराम. तिसरा टॉर्च. तीन सेलचा, पितळी, काजवा छाप. मानेवर एक पट्टी होती, ती अंगठ्यानं सरकवली की पांढऱ्याचा लाल आणि लालचा हिरवा व्हायचा. हा टॉर्च नरहरच्या हातात होता तोवर छत्तीसगडच्या जंगलात म्हणे वाघसुद्धा रूळ ओलांडताना दोन्हीकडे बघून ओलांडायचा.

हत्तीची गोष्ट तर रायपूरच्या गुढियारीत शेंबड्या पोरालाही पाठ होती. मालगाडी जंगलात उभी आणि ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गार्डाच्या शेवटच्या डब्याच्या, मागून हत्ती येतोय. नरहरनी लाल दाखवला. हत्ती थांबला. गाडी निघाल्यावर नरहरनी हिरवा दाखवला, तर हत्तीनं आधी सोंड वर करून शिट्टी दिली आणि मगच पाऊल उचललं.

"काहून की," नरहर बोट वर करायचे, "गार्डाच्या हिरव्याले उत्तर दिल्याबिगर हलायचं नाही, हा कायदा आहे. अन् हत्ती रेल्वेच्या हद्दीत होता."

लोक हसले की तुळशीराम मान न वळवता म्हणायचा, "हव. मी पाहिलं."

तो इंजिनात, हत्ती शेपटाशी, मध्ये अख्खी मालगाडी. पण तुळशीरामनं हव म्हटलं की गोष्टीवर शिक्का बसायचा.

दोघंही निवृत्त होऊन जमाना लोटला. टॉर्च सामानासकट ऑफिसात जमा झाला. काजवा काढणारी कंपनी बंद पडली. गार्डाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात आणि ड्रायव्हरला पायलट; या दोघांच्या नशिबी काही ते मोठेपण आलं नाही. नरहर गोष्टी सांगायचे अजून, पण सांगता सांगताच त्यांना जांभई यायची. कारण महिन्याभरापासून तुळशीराम पुरानी बस्तीतल्या आपल्या घरात पलंगावर पडून होता, आणि हव म्हणायला कोणी नव्हतं.

तो न्हाणीत घसरला होता. खुब्याचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं. तुळशीराम चालेना. पलंगाच्या काठावर बसायचा, चौकटीसारखा तो वॉकर धरायचा आणि तसाच बसून राहायचा.

"काका, पापा किसी की सुनतच नाहीत," त्याच्या मुलीचा, क्षमाचा फोन आला. "डॉक्टर बोलले, अब नहीं चले तो फिर जिंदगीभर बिस्तरच. तुम्ही या ना."

नरहर गेले. गुडघे कुरकुरत होते, रिक्षावाला बोलका निघाला होता, ऊन तर काही विचारू नका. तुळशीराम काठावर बसलेला. गाल आत गेलेले, कवळी कोनाड्यातल्या वाटीत.

"काय ड्रायव्हरसाहेब, काहून उठत नाही तुम्ही?"

"गार्डानं हिरवा दिल्याबिगर मी गाडी हलवली काय कधी?" तुळशीराम म्हणाला. "आता हे सारे समोर येऊन चला चला करून राहिले. मी काय पोट्टा आहे?"

नरहर हसायला गेले आणि थांबले. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. नुसता थकवा होता, आउटर सिग्नलला ताटकळलेल्या गाडीसारखा. आणि नरहरना कळलं की हा माणूस इथून हलला नाही तर आता कधीच हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते गोलबाजारातून नवा तीनरंगी टॉर्च घेऊन आले. प्लास्टिकचा, एलईडीचा, वजनाला पापडाएवढा. तुळशीरामच्या समोर उभं राहून त्यांनी हिरवा लावला. खोली निळसर हिरवी झाली आणि क्षमानं डोळ्यांपुढे हात धरला.

"हा कोणता दिवा?" तुळशीराम म्हणाला. "ही तर मेडिकलच्या दुकानाची पाटी आहे."

"अहो, हिरवा आहे न!"

"आपला हिरवा नाही तो. त्याच्यात पिवळं असायचं. घेऊन जा गार्डसाहेब, डोळे दुखतात."

आपला हिरवा! तो आता रायपुरात एकाच ठिकाणी होता.

समता कॉलनीत निरंजन नावाचा दातांचा डॉक्टर. रायपुरातल्या जुन्या मराठी घराण्यातला, माणूस सज्जन, पण टॉर्चचा नादिष्ट. दवाखान्यात काचेचं कपाट, त्यात बंद पडलेल्या कंपन्यांचे टॉर्च देवासारखे मांडलेले. पेशंटचं तोंड उघडं करून ठेवलं की हा टॉर्चबद्दल बोलायला लागायचा, आणि आ वासलेला माणूस नको म्हणणार कसा? त्याचा मोबाइलवर एक ग्रुपही होता, 'काजवा बंद काहून केला'. त्यात नागपूरपासून बिलासपूरपर्यंतची शहाणी माणसं रोज सकाळी उठून एकमेकांना उसासे पाठवायची. कुठल्याशा भंगारवाल्याकडे निरंजनला एक काजवा सापडला होता. नरहरनी तो पाहताक्षणी आपला म्हणून ओळखला होता. त्याच्या बुडाला पोचा होता, आणि तो पोचा, नरहरच्या म्हणण्याप्रमाणे, हत्तीच्या सोंडेचा होता.

"काका, दुसरं काहीही मागा," नरहर दवाखान्यात जाऊन तो मागू लागले तेव्हा निरंजन म्हणाला. "काजव्याचा बल्ब मिळत नाही आता. याच्यात आहे तो शेवटचा. आख्ख्या ग्रुपात दुसरा नाही."

"तुम्ही पेटवला कधी?"

"छे! गेला तर?"

"मग चालतो म्हणून कोण सांगतं?"

खुर्चीतला पेशंट आ वासून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

नरहर बाकावर बसले. एखादी गोष्ट रचावी, डोळ्यांत पाणी येईल अशी, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. काजव्यानं पूर थोपवल्याची, नाहीतर मेलेला स्टेशनमास्तर उठवल्याची. पण जीभ उचलेना. "डॉक्टर," ते म्हणाले, "मी फार थकलो. मले एकट्याले या गोष्टी ओढवत नाहीत. तुळशीरामले उठवू द्या."

नरहर गार्डांच्या तोंडून निघालेली ही पहिली सरळ गोष्ट असावी. निरंजन चपापलाच. त्यानं कपाटाची किल्ली काढली.

"मी स्वतः घेऊन येतो. पण थोडाच वेळ लावायचा, काका. अगदी थोडा."

दिवेलागणीला दोघं पुरानी बस्तीत पोचले. निरंजननं काजवा मऊ फडक्यात बाळासारखा आणला होता. नवे सेल त्यानं एकेक पुसून घातले. क्षमानं ट्यूबलाइट बंद केली. नरहरनी टॉर्च हातात घेतला. ते वजन मनगटाला आठवत होतं. त्यांनी खटका दाबला.

लागला. पिवळा, जरा आळसावलेला, तुपाच्या दिव्यासारखा. निरंजनच्या तोंडून आवाज फुटला. मग नरहरनी पट्टी सरकवली आणि खोलीभर तो हिरवा पसरला, ज्याच्यात पिवळं असतं.

तुळशीराम बघत राहिला. ओठ हलले.

"दिवा खरा आहे," तो म्हणाला.

"मग चला!"

तो हलला नाही.

"आता काय झालं?" नरहरचा आवाज चढला. निरंजन बल्बकडे बोट दाखवून आटपा, आटपा अशी खूण करत होता.

"गार्ड इंजिनासमोर काहून उभा आहे?" तुळशीराम म्हणाला. "मरता काय?"

नरहरचा हात खाली आला. अख्खी नोकरी ब्रेकव्हॅनमध्ये काढलेला माणूस! महिनाभर डॉक्टर, मुलगी, शेजारी, मालिशवाली, सगळे त्या माणसाच्या समोर उभे राहून त्याला बोलावत होते, ते एक सोडा. पण गार्डानंही पुढेच येऊन उभं राहावं? ड्रायव्हर पुढं कुणाला शोधत नसतो. पुढं त्याला मोकळा रूळ लागतो. तो मान वळवून मागं बघतो, मागं कुणी आहे ना म्हणून.

"चुकलं," नरहर पुटपुटले. "क्षमा, सरक बाई. सारे सरका समोरून."

पलंगाच्या मागे स्वयंपाकघराचं दार होतं. नरहर पाय ओढत तिथं जाऊन उभे राहिले, आणि बल्बवर डोळा ठेवून निरंजन त्यांच्या खांद्याशी. समोर आता काही नव्हतं, नुसती ओसरीच्या दारापर्यंतची मोकळी फरशी. त्यांनी काजवा वर धरला आणि हिरवा सावकाश आडवा हलवायला लागले.

तुळशीरामनं मान वळवली. जुन्या सवयीनं, इंजिनाच्या खिडकीतून बाहेर काढायची तशी. त्यानं हिरवा पाहिला. गाल फुगवून त्यानं शिट्टी दिली. दात नव्हते, नुसती हवाच निघाली. पण उत्तर ते उत्तर. मग तोंड पुढं करून त्यानं वॉकरवर भार दिला, आणि क्षमा तोंडावर पदर धरून बघत असताना ते लांबलचक शरीर, एकेक डबा ताणला जावा तसं, उभं राहिलं.

पहिलं पाऊल पडलं. थांबला. दुसरं पडलं. समोर दारालगतच्या भिंतीवर नरहरचा हिरवा उजेड डावीउजवीकडे झुलत होता आणि त्यात तुळशीरामची सावली हळूहळू पुढं सरकत होती.

उंबरठा अजून लांब होता, तेवढ्यात बल्ब गेला.

आवाजसुद्धा झाला नाही. भिंतीवरचा हिरवा होता, आणि नव्हता. निरंजननं तोंड उघडलं, त्याच्या पेशंटांसारखं मोठ्ठं, आणि नरहरनी दुसऱ्या हातानं ते दाबलं.

ओसरीवरून येणाऱ्या संध्याकाळच्या उजेडात तुळशीराम पाठमोरा उभा होता. पाऊल अर्धवट उचललेलं. समोरची भिंत कोरी.

नरहर टॉर्च हलवत राहिले. विझलेला. खांदा भरून आला होता, पण ते आडवा, सावकाश, नियमाप्रमाणे हलवत राहिले.

"गार्डसाहेब," तुळशीरामनं मागं न बघता विचारलं, "हिरवा आहे न?"

"आहे," नरहर म्हणाले. "चांगला लख्ख आहे. चालू द्या."

तुळशीराम थोडा वेळ त्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिला.

"हव," तो म्हणाला. "दिसून राहिला."

आणि त्यानं पाऊल टाकलं.