कानात विचारू नका

आणीबाणीचं दुसरं वर्ष चालू होतं. धान कापणीला आलं होतं. अड्याळजवळच्या त्या गावात भरदुपारी जीप शिरली, तेव्हा गिरजाबाई हातचं काम टाकून बाहेर आली. मागच्या खेपेला जीप आली होती ती तिच्या घनश्यामला न्यायला.

घनश्याम शाळामास्तर. चार मित्रांना घेऊन त्यानं वाचनालय काढलं होतं, आणि रोज संध्याकाळी तो चावडीपुढं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवी. सरकारनं बातम्या अडवल्या आणि पानांवर कोऱ्या जागा दिसू लागल्या. घनश्याम त्या जागाही वाचायचा. म्हणजे तेवढा वेळ गप्प उभा राहायचा. ऐकणारेही गप्प राहायचे. एवढ्यावरून पाचही जण मिसा कायद्याखाली तुरुंगात गेले. आठ महिने झाले होते, आणि गेल्या चार महिन्यांत पत्र नव्हतं. पोरगा जिता आहे की नाही, एवढंच गिरजाबाईला कळायला हवं होतं.

जीपमधून उतरला एक उंच गोरा साहेब, कुठल्याशा परदेशाच्या मुंबईतल्या वकिलातीतला, आणि त्याच्या दुभाषी, नागपूरच्या निर्मलाबाई. मागोमाग पोलीस पाटील यादोराव चपला फटफटवत आलाच. नात्यानं तो गिरजाबाईचा दीर. पण पोरांची नावं वर कोणी कळवली, याचा संशय तिला त्याच्यावरच होता. यादोरावला संशय साहेबाचा. गोरा माणूस, आणि जवाहरनगरचा दारूगोळा कारखाना जवळच.

पाटलासमोर वाचनालयाचं नाव नको, म्हणून निर्मलाबाईंनी नुसतं विचारलं, "इथली बॉडी कुठं आहे? साहेबांना भेटायचंय."

झाडीपट्टीत लहान तळ्याला बोडी म्हणतात. तळ्याला भेटायचं म्हणजे काय, हे काही गिरजाबाईला कळलं नाही. पण शहरातल्या माणसांचं बोलणंच तसं, असं समजून तिनं पदर खोचला आणि दोघांना बांधाबांधानं बोडीवर नेलं. यादोराव मागं होताच. साहेब काठाच्या पाळीवर उभा राहून पाण्याकडे आदरानं बघत राहिला.

"सभासद किती?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"कोनाचे? बेडकायचे?"

यादोरावला हसू आवरेना. "मुंबईहून बोडी पाहाले आला वैनी हा. आपल्या म्हशी रोज पाहून राहिल्या, फुकटात." एवढी थट्टा पोटात ठेवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. ती सांगायला तो तसाच चहाच्या टपरीकडे वळला.

तो दिसेनासा झाल्यावर घोटाळा निस्तरला. बॉडी म्हणजे वाचनालयाची कमिटी. पोरांची नावं साहेबाला नागपूरच्या एका वकिलाकडून कळली होती. त्यांना सोडवणं आपल्या हातात नाही, दुसऱ्याच्या देशाला शिकवायला आपण आलो नाही, असं तो म्हणाला. पण अमुक नावाचा माणूस कुठं आहे, त्याची तब्येत कशी आहे, हे दिल्लीत विचारता येतं. ज्याची चौकशी होते, त्याला विसरून जाणं जरा अवघड पडतं. कधी उलटही होतं, त्रास वाढतो. म्हणून आधी घरच्यांना विचारायला आलो.

फुकट द्यायला आलेल्या माणसाला काहीतरी न्यायचं असतं, हे गिरजाबाईनं उभ्या जन्मात पाहिलं होतं.

"तुमाले यातून काय भेटते?"

साहेबाचं उत्तर निर्मलाबाईंनी जसंच्या तसं सांगितलं. वरिष्ठांकडून बोलणी खायला मिळतील. त्यांच्या सरकारला आपल्या सरकारशी व्यापारही करायचा आहे, त्याला दुखवून चालायचं नाही. खात्री कशाचीच नाही. शक्यतो एखाद्या अधिकाऱ्याच्या कानात हळूच विचारू.

गोड बोलला असता, तर तिनं त्याला तिथूनच वाटेला लावलं असतं.

"कानात इचारू नोका," ती म्हणाली. "कानात इचारलं तं लोक म्हनतीन, हा गोऱ्यायचा मानूस. माह्या पोरानं जे केलं ते चावडीपुढं केलं. तुमीबी चारचौघात इचारा. अन् त्याच्या एकट्याचं नाव नोका घेऊ."

बाकीच्या चार घरी ती स्वतः जाऊन आली. तीन घरांनी होकार दिला. भोजराजच्या आईनं, कुंताबाईनं, दार लावून घेतलं. साहेबानं वहीतलं पाचवं नाव खोडलं.

दीड महिन्यानं तुरुंगातून पोस्टकार्ड आलं. दोन ओळींवर काळी शाई फासलेली. गिरजाबाईला अक्षर येत नव्हतं. यादोरावनं हात पुढं केला, "आना वैनी, वाचून देतो." तिनं कार्ड ओच्यात खोचलं आणि अड्याळच्या बाजाराची वाट धरली.

तिथं टेकचंद कापडवाल्याकडून तिनं ते वाचून घेतलं. मग बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका अनोळखी मास्तरणीकडून पुन्हा. दोघांनी वाचलं ते एकच होतं: "आई, मी बरा आहे. परवा तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी बोलावून तब्येत विचारली. आजवर कोणी विचारली नव्हती. भोजराज सोडून आम्हा चौघांना विचारली."

गिरजाबाई घरी न जाता थेट कुंताबाईच्या दारात गेली. बाहेरूनच तिनं सगळं सांगितलं, भोजराजला कोणी विचारलं नाही तेही.

"कोनं वाचलं?" कुंताबाईनं आतून विचारलं. "यादोरावनं?"

"नाही. दोघायनं वाचलं. एकाले दुसऱ्याचं ठाऊक नाही."

मग आतली कडी सरकली.