गोपिकाचे पाय

माझी भुताची गोष्ट टीव्हीवर रविवारी सकाळी अकरा वाजता लागणार होती, म्हणजे भुतानं आंघोळ उरकून, कपडे वाळत घालूनच यायचं. वेळ तीच मिळाली, असं निर्माता ओमप्रकाश म्हणाला. त्याचा मूळ धंदा लग्नाच्या मांडवांचा. सत्त्याऐंशी साली एका दंतमंजनवाल्याला मालिकेची हौस आली, म्हणून हा तेरा भयकथा गोळा करत फिरत होता. दिवाळी अंकांत भुतं लिहिणारा आणि कशालाही हो म्हणणारा नागपुरातला माणूस म्हणजे मी, श्रावण पराते, शाळामास्तर.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची होती. गोपिकाचा एक पाय जन्मापासून वाकडा, गल्ली तिच्या चालण्याची नक्कल करायची. पण आम्ही विणकर, घरात खड्डामाग. विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. एकदा मागावर बसली की गोपिका कुणाहून कमी नव्हती. एकोणिसाव्या वर्षी ती तापानं गेली. माझ्या कथेत मेलेली पोरगी येऊन अर्धं राहिलेलं लुगडं विणत बसते. भूत आहे की नाही, हे पायांवरून ओळखावं, तर पाय खड्ड्यात. वाकून बघायची कुणाचीच छाती होत नाही. सगळी भीती तेवढ्यातच होती.

कथा देण्याआधी मी आईला विचारलं.

"पोरीचे पाय कोनाले दाखवशीन नाही ना गा?" रुख्माबाई म्हणाली.

"नाही वं माय."

"मंग दे."

शहरातल्या नंदनवन वस्तीत एका गोदामात शूटिंग होतं. जाऊन पाहतो तर माग चार फूट उंच चौथऱ्यावर चढवलेला, खालून सगळं उघडं.

"हे काय गा, ओमप्रकाश? खड्डा कुठं हाय?"

"गोदामाची फरशी कोन फोडू देते, मास्तर? आन् पाय नाही दिसले तं पब्लिकले कसं समजन, भूत हाय म्हनून?"

नटीच्या पायांना प्लास्टरचे उलटे पाय बांधले होते. त्यातला एक वाकडा. ते मीच एकदा चहा पिताना त्याला सांगून बसलो होतो, आपल्या गोष्टीला वजन यावं म्हणून.

मी जाम तणतणलो. कथा परत घेतो म्हटलं. तेव्हा त्यानं खिशातून कागद काढला. शेवटी पडद्याच्या तळाशी मोठ्या अक्षरांत ‘कथा : श्रावण पराते’, आणि सोबत दुसरं कुणाचंच नाव नाही. वीस वर्षं माझं नाव जाहिरातींच्या गर्दीत छापलं गेलं होतं. मी विचारलं, "रंगीत येईल ना?"

महाल भागात आमच्या घराशेजारी धोंडबाकडे टीव्ही होता. रविवारी सारी गल्ली तिथं लोटली. लेखकाची आई म्हणून रुख्माबाईला पुढं बसवलं. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, आणि सांगायला तीन महिने मिळाले होते.

अगरबत्तीच्या धुरातून नटी लंगडत आली, मागावर चढली. कॅमेरा थेट पायांवर गेला. गल्ली खो खो हसली.

"अबे, हे तं गोपीसारखी चालून राहिली!" मागून कुणी तरी ओरडलं.

आई उठली. टीव्हीपाशी गेली आणि लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून तिनं पडद्याचा खालचा अर्धा भाग झाकला.

"सरक ना वं आजी, दिसून नाही राहिलं!"

"रुख्माबाई, बसा ना," धोंडबा म्हणाला.

ती हलली नाही. कॅमेरा मागं आला तेव्हा वर नटीचं तोंड तेवढं दिसत होतं, आणि तेवढ्यापुरतं मागावर बसलेली पोरगी खरी वाटत होती. आईनं पदर खाली येऊ दिला नाही.

शेवटचं संगीत वाजलं. तळाशी नाव आलं असणार. पदर आईनं स्वतः विणलेला, चांगला दाट, त्यातून एक अक्षर दिसलं नाही. दंतमंजनाची जाहिरात लागली तेव्हा तिनं हात खाली घेतले आणि कुणाकडे न बघता घरी गेली.

मला लाज वाटली. पण खरं सांगतो, ती जरा उशिरा वाटली. आधी नावासाठी जीव हळहळला.