‘हे’ नसलेली पाटी

पणजोबा मालाच्या गाड्यांवर आकडे रंगवीत, म्हणून सारे त्यांना आकडेमास्तर म्हणत. त्यांचे चिरंजीव दुकानांच्या पाट्यांकडे वळले. त्यांची ओळ इतकी समतल येई की गवंडीदेखील त्यांना पाणसळ म्हणूनच हाक मारीत. पाणसळींचे चिरंजीव म्हणजे अण्णा. अण्णांनी शाळा, दवाखाने आणि वखारी रंगवल्या, आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला रंगाबाबत मत मांडू दिले नाही. अण्णांना दोन अपत्ये, थोरला दादा आणि धाकटी एक मुलगी. मुलीच्या हाती लहानपणी मोठा ब्रश देत नसत. तिने फक्त अनुस्वारांची टिंबे भरायची. त्यावरून घरात तिचे नाव टिंब पडले, ते पन्नाशी उलटली तरी पुसले गेले नाही. ही हकीकत तिची.

या घराण्याचा एक शिरस्ता होता. बाकीचे जग आधी अक्षरे लिहिते आणि मग त्यांच्या डोक्यावर रेघ ओढते. ही मंडळी फळी मोजून आधी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरे टांगत. त्यामुळे शेवटचे अक्षर काठाला येऊन कधी चेंगरत नसे. “आधी दोरी बांध, मग कपडे वाळत घाल,” असे अण्णा मुलांना बजावीत. दुसरी काही रीत असू शकते हे दोन्ही मुलांना शाळेत गेल्यावरच कळले, आणि तिथे दोघांनीही त्यापायी मार खाल्ला.

टिंब आता एका कार्टून काढणाऱ्या कचेरीत मुख्य चित्रकार होती. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एका भिंतीला लागून संगणक, दुसऱ्या भिंतीला जुने पंखे. तिथून ‘कासवकाकांची छत्री’ नावाची मालिका निघे आणि मोबाइलवर घरोघरी पाहिली जाई. कासवकाका छत्र्या दुरुस्त करीत. मालिका मुलांसाठी होती, पण भांडण्यासाठी मोठी माणसे जमत. नवा भाग आला की त्याखाली चुका शोधण्याचा जो काथ्याकूट चाले, त्यात मुलांना शिरकाव नव्हता.

दादाला जाऊन महिना होत आला होता आणि टिंबला काहीच होत नव्हते. ताटात पडेल ते ती जेवत होती, कपड्यांच्या घड्या घालीत होती. “रडून घे गं, मोकळी होशील,” असे कुणी म्हटले तर, दूध तापवायला सांगितल्यासारखे ती “हो” म्हणे. दुपारी मात्र ती नव्या भागाखालची वादावादी वाचीत बसे. तिथे तिला कुणी ओळखत नव्हते. धीर धर असेही तिथे कुणी म्हणत नव्हते.

नव्या भागात कासवकाका मोठ्या आजारातून उठतात, दुकान उघडतात आणि स्टुलावर चढून पाटी रंगवतात. पाटीवर ‘दुकान चालू आहे’ असे यायचे होते. पडद्यावर काका तीन शब्दांच्या तीन रेघा आधी ओढत, मग अक्षरे काढीत, आणि ‘आ’ झाल्यावर दृश्य संपे. पुढच्या सगळ्या दृश्यांत पाटी तशीच राही. ‘दुकान चालू आ’, त्यापुढे मोकळी रेघ, आणि रेघेखाली काही नाही.

“दुसऱ्या मिनिटाला छत्रीला आठ काड्या, चौथ्याला सात,” असे ‘स्क्रू ढिला’ नावाच्या प्रेक्षकाने सुरू केले होते. “एक काडी काकांनी खाल्ली का?”

“काड्यांचं सोड. आधी रेघ कोण ओढतं? चित्रं उलट्या क्रमानं लावलीत सरळसरळ,” हे ‘झोपाळू घुबड’.

“उलटी लावली असती तर अक्षरं आली नसती, पुसली गेली असती. डोकं वापर, घुबडा.”

“माझी सगळी नोकरी फळ्यासमोर गेली,” असे ‘निवृत्त मास्तर’ लिहीत. “आधी रेघ ओढणारं पोरगं दिसलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.”

“मास्तर, ते कासव आहे. बाकावर चढेपर्यंत तास संपेल.”

मग ‘आ’चा कीस पडू लागला. आजारी, आवरा, आज रोख, ज्याला जे सुचेल ते त्याने त्या मोकळ्या रेघेला टांगून पाहिले. एकीचे म्हणणे, ही खूण आहे, पुढच्या भागात काका मरणार, म्हणूनच ‘हे’ ठेवलेले नाही. त्यावर ‘झोपाळू घुबडा’ने तिला झाडले.

“खूण कसली डोंबलाची! कामचुकारपणा आहे. कुणीतरी शेवटचं अक्षर न काढताच निघून गेलं.”

टिंबने ते वाक्य वाचले. त्यात खोटे काही नव्हते. तिने पडदा वर सरकवला आणि पुढचे वाचू लागली.

ते दृश्य दादाने काढले होते. दवाखान्याने घरी पाठवल्यावर तो अंथरुणाला खिळला, आणि छताकडे पाहून कंटाळला. “टिंबे, काहीतरी काम दे,” असे तो रोज म्हणे. “तुझ्या त्या कासवाला पाटी लागेल ना? आमचा धंदा आहे तो.” कचेरीचे काम बाहेरच्या हातात द्यायचे नाही, असा करार होता आणि त्यावर टिंबची सही होती. तरी तिने त्याला कागद नेऊन दिले. मांडीवर पोळपाट उपडा घालून तो एकेक चित्र काढी, आणि ती संध्याकाळी ते गोळा करून नेई. हात थरथरे, पण रेघ थरथरत नसे. ‘आ’पर्यंत आल्यावर तो म्हणाला, “आता ‘हे’ राहू दे. उद्या बघू.”

ते तसेच राहिले. टिंबने नंतर स्वतः ‘हे’ काढायला घेतले होते. पेन्सिल कागदावर टेकेना. दुःखाने टेकेना असेही तिला वाटले नाही, टेकेना एवढेच. मुदत आली होती. तिने आहे ते पुढे पाठवले, आणि घाईत कचेरीतही कुणी पाटी वाचली नाही. भाग लागला तेव्हा ‘चित्रे’ या शब्दाखाली नेहमीप्रमाणे तिचे नाव होते.

मालकाने तिला आत बोलावले. मालक वयाने तिच्या भाच्याएवढा. तो तिला ताई म्हणे आणि ती त्याला अरेतुरे करी.

“ताई, हसू होतंय आपलं. ती पाटी नीट करून द्या. आधी अक्षरं, मग रेघ. आणि तो ‘हे’ घाला बाबा एकदाचा. लोकांनी डोकं उठवलंय.”

“छत्रीच्या काड्या?”

“काड्या राहू देत, काड्यांवर लोक प्रेमानं भांडतात. पाटीवर चिडलेत. सोमवारी नव्या मालिकेची घोषणा करायची आहे. दिग्दर्शन म्हणून तुमचं नाव जाणार. इतकी वर्षं वाट पाहिलीत ना? आता त्याच आठवड्यात ‘बाईंना पाटी लिहिता येत नाही’ असं नको व्हायला.”

“बरं,” टिंब म्हणाली.

पाटी पुन्हा काढायची तर ती जुन्या चित्रांशी जुळायला हवी होती, आणि दादाने मोजमाप केलेले कच्चे कागद अजून त्याच्या घरी होते. म्हणून ती वहिनीकडे गेली. वहिनी दादाची औषधे एका पिशवीत भरीत होती, न उघडलेली वेगळी, उघडलेली वेगळी.

“वन्सं, बसा. कागद कपाटावर आहेत. मी हात लावलेला नाही.”

टिंबने कागद काढले. कशासाठी हवेत ते सांगितले, आणि लोक काय म्हणतात तेही वाचून दाखवले. बाकावर उभे राहण्याच्या जागी वहिनी हसली. मग तिने पिशवीला गाठ मारली.

“म्हणजे तुम्ही ते पुसणार.”

“पुसणार नाही. बदलणार.”

“एकच झालं. मला त्यातलं कळत नाही. पण यांचं हातचं आता कुठं उरलंय सांगा बघू? छापील फ्लेक्स आले आणि यांच्या बहुतेक पाट्या लोकांनी उतरवल्या. ज्या उतरवल्या नाहीत, त्यांच्या कोपऱ्यात तुमचं नाव.”

हे वहिनी टोमणा म्हणून बोलली नाही. गोष्ट खरी होती. चित्रशाळेत प्रवेश हवा तर स्वतः केलेल्या कामाचे फोटो मागत. टिंबचे स्वतःचे काम म्हणजे टिंबे. अण्णा घरी नसताना दादा सायकल काढून गावभर फिरला आणि स्वतः रंगवलेल्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात त्याने बहिणीचे नाव घातले. तिला प्रवेश मिळाला. तो शिडीवरच राहिला. “हे मी फेडीन हं, दादा,” असे ती तेव्हा रडत म्हणाली होती. तो म्हणाला होता, “नावाचं देणं नावानंच फेड. एखादी पाटी, खाली मी एकटा. घाई नाही.” पुढे जेव्हा जेव्हा तिला ते आठवे, तेव्हा तो हसून विषय बदली. मग पाट्याच संपल्या.

“तुम्हाला तेव्हा रडू यायचं,” वहिनी म्हणाली. “यांनीच सांगितलंय.”

“यायचं खरं.”

“आता येत नाही?”

“नाही. काहीच येत नाही, वहिनी.”

“मलापण,” वहिनी म्हणाली, आणि उठून पिशवी दाराशी ठेवून आली.

टिंबने कच्चे कागद परत कपाटावर ठेवले. मनात काही उचंबळून आले म्हणून नव्हे. मनात काहीही नव्हते, आणि त्या रिकामपणात हिशेब तेवढा स्वच्छ दिसत होता. ती तडक कचेरीत आली आणि मालकासमोर उभी राहिली.

“ती पाटी मी काढलेली नाही. माझ्या भावानं काढली, अंथरुणावर. मी कागद नेऊन दिले होते. आमच्या घरात आधी रेघ ओढतात, ती चूक नाही. ‘हे’ काढायचा राहिला, कारण तो गेला.”

मालकाने चष्मा काढला.

“ताई, मला आधी सांगितलं असतंत तर?”

“तू नाही म्हणाला असतास.”

“हो,” तो म्हणाला. “म्हणालो असतो. पण आता मी काय करू? करार वाचलाय ना तुम्ही? हे बाहेर कळलं तर मालिका घेणारे मला फाडून खातील. पाटी बदलून द्या. आपण दोघं गप्प बसू. सोमवारी तुमचं नाव जाईल. भावालाही तेच आवडलं असतं.”

“त्याला काय आवडलं असतं ते तू मला शिकवू नकोस.”

टिंबने आवाज चढवला नव्हता. तिचा आवाज महिनाभर चढतही नव्हता आणि उतरतही नव्हता.

“पाटी आहे तशी राहील,” ती म्हणाली. “ह्या भागाच्या ‘चित्रे’मधून माझं नाव काढ आणि त्याचं घाल.”

“सगळा भाग तुम्ही काढलाय! त्याचं एक दृश्य आहे, ताई. दोघांची नावं घालू.”

“दोघांची नाहीत. माझ्या साऱ्या पाट्या त्याच्या होत्या. तेव्हा त्यानं दोघांची घातली नव्हती.”

मालकाला यातले अवाक्षर कळले नाही. पण ही बाई आता मागे हटत नाही, इतके त्याला कळले. तो म्हणाला, नव्या मालिकेचे दिग्दर्शन मग देता येणार नाही, आणि करार मोडल्याचे तिला लिहून द्यावे लागेल. तिने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिले. त्याने सही नीट पाहिली आणि म्हणाला, “विचार करायला वेळ घ्या हवं तर.” ती म्हणाली, “घेतला. फार घेतला.”

नाव बदलायला फारसा वेळ लागला नाही. मालकाने तिच्यादेखत ते घातले, मधल्या आणि शेवटच्या नावासकट, अक्षर अन् अक्षर तिला विचारून. भाग पुन्हा लागला आणि खालची मंडळी जागी झाली.

“हे कोण? बाई गेल्या का?”

“नवीन पोरगा दिसतोय. काड्या अजून सातच.”

“मास्तर, आता नाव कळलं. बाकावर उभं करा त्याला.”

निवृत्त मास्तरांनी बऱ्याच वेळाने लिहिले, की आज त्यांनी कागदावर आधी रेघ ओढून पाहिली, आणि अक्षर जरा सरळ येते.

टिंब खाली उतरली. टायरच्या दुकानाशी कुणीतरी हवा भरून घेत होते. तिने तिथूनच वहिनीला फोन लावला आणि भाग शेवटपर्यंत पाहायला सांगितले. पलीकडे मालिकेच्या गाण्याचा आवाज आला, मग थांबला. वहिनीने नवऱ्याचे पूर्ण नाव सावकाश, एकदाच वाचले. लग्नानंतर ते तिने मोठ्याने कधी उच्चारले नव्हते.

“एकट्याचंच आहे,” ती म्हणाली. “तुमचं कुठं दिसत नाही.”

“नाही.”

“आणि ते मोठं काम? सोमवारचं?”

“गेलं.”

वहिनी म्हणाली, “मग फिटलं, वन्सं. सगळं फिटलं.”

“हो,” टिंब म्हणाली. “फिटलं.”