छावणीतली जागी बाई

मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. नंतर नाकाने कांदे सोलायला नकोत.

पुण्याच्या एका कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत मी नोकरी करतो. बसतो मात्र शेवगावात, आमच्या दोन खोल्यांच्या घरात, आईजवळ. आमचा गेम असा की चौघांची टोळी दुष्काळी मुलखातून चालत निघते आणि चाळीस दिवसांत तिला धरण गाठायचं असतं. वाटेत दरोडेखोर, आजार, मारामाऱ्या. माझ्याकडे काम एकच, विश्रांती आणि रसद. मुक्काम कुठे पडणार, शिधा किती लागणार, झोपून उठल्यावर कोण किती बरं होणार आणि त्यात वेळ किती जाणार, एवढं मी ठरवायचं.

खेळणारे लोक मोठे लबाड. एक मारामारी झाली की मुक्काम टाकायचे, आठ तास झोपायचे आणि ठणठणीत होऊन पुढच्याला भिडायचे. शिधा कमी केला, तर निघतानाच पोती भरभरून घ्यायला लागले. चाळीसाचे तीस दिवस केले, तर चिडून गेमच सोडून दिला. भार्गवी आमची मुख्य. ती तोंडावर बोलते.

"नितीन, तुझं झोपेचं बटण म्हणजे फुकटचा दवाखाना झालाय. मुक्कामाला काही किंमतच नाही."

त्या दुपारी जेवताना मी आईपुढे कुरकुरलो. आईने, म्हणजे बनाबाईने, वडिलांबरोबर बावीस वर्षं ऊस तोडला. दर हंगामाला सहा महिने श्रीगोंद्याकडे, फॅक्टरीजवळ, कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत. तिने लॅपटॉपकडे पाहिलं. शेकोटीभोवती चौघं झोपले होते.

"समदेच निजले?"

"हो. दमलेत."

"मग भाकरी कोन करनार? पानी कोन आननार?" ती म्हणाली. "आमी कोपीवर असायचो तवा गडी आंग टाकायचा. बाई तीनला उठायची. भाकरी थापायची, पानी भरायची, अन मग गड्याबरुबर कोयता घेऊन फडात. टोळी निजती रं. एक बाई जागीच आसती."

मी हात धुऊन तसाच कामाला बसलो. दोन दिवसांत नवा नियम तयार झाला. प्रत्येक मुक्कामाला चौघांपैकी एकाने जागायचं, चूल आणि पाणी बघायचं. बाकीचे तिघं बरे होणार, तो एक दमलेलाच राहणार. कोण, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. गंमत बघा, बहुतेक लोक दरवेळी टोळीतल्या एकाच बाईला जागवायचे, कारण ती सोसू शकत होती. विसाव्या दिवशी ती ऐन मारामारीत खाली बसायची. आता लोक मुक्काम टाकताना दहादा विचार करायला लागले.

भार्गवी खूश झाली. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "हे तुला सुचलं कुठून?"

इथे मी माती खाल्ली.

"ऊसतोड कामगारांवर थोडा अभ्यास केला," मी म्हणालो. आई समोरच लसूण सोलत बसली होती.

नोकरी लागली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की वडील शुगर फॅक्टरीत होते. खोटं नव्हतं ते. लोकांनी केमिस्ट वगैरे समजून घेतलं आणि मी समजू दिलं. आता चार वर्षांनी कोयत्याचं नाव काढायचं म्हणजे चार वर्षांचं खोटं उघडं पडणार.

"अशी एखादी बाई बोलेल का आपल्याशी?" भार्गवीने विचारलं. "अजून ऐकायला आवडेल. गेमच्या शेवटी नामावलीत त्यांचं नाव टाकू."

"बघतो. ओळखीत कोणी आहे का."

कॉल संपला. आईने लसणाची टरफलं सुपात गोळा केली.

"मीच बोलते की," ती म्हणाली. "तू कुटं बाई हुडकत हिंडतो? मी वळख न्हाई दाखवत."

"आई, तसं काही नाही गं."

"आसू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

दोन दिवसांनी कॉल झाला. आई धुतलेलं लुगडं नेसून माझ्या शेजारी खुर्चीवर अंग चोरून बसली. पलीकडे भार्गवी आणि आमचे पाच जण.

"या मावशी, जरा माइकजवळ सरका," मी म्हणालो. जन्मदात्या आईला मावशी म्हणताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही.

"व्हय साहेब," आई म्हणाली.

अर्धा तास ती बोलली. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर कसं चढायचं, पोटुशी बाई बी कशी चढते, आजारी पडलं तरी खाडा का परवडत नाही. मी समोर बघत बसलो होतो. माझा चहा गार होत होता. बोलता बोलता तिने बोटाने त्यातली साय काढली आणि बशीच्या कडेला पुसली. साय मला लहानपणापासून चालत नाही.

"मुलंबाळं, मावशी?" भार्गवीने विचारलं.

"हाय एक पोरगं. आमी फडात, ते बांधाला पाचटावर निजायचं. आता लई शिकलंय. पुन्याला आसतंय."

"नामावलीसाठी पूर्ण नाव सांगता?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नितीन भीमराज साळवे, ती बनाबाई भीमराज साळवे. मधलं नाव ऐकलं की शेंबडं पोरही ओळखेल.

"बनाबाई कचरू भिंगारदिवे," आई म्हणाली.

ते तिचं माहेरचं नाव. ते तिच्या तोंडून मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. वडील जाऊन आठ वर्षं झाली, तरी बँकेत, रेशनच्या दुकानात ती भीमराज हे नाव ठासून सांगते. त्या दिवशी माझ्यासाठी तिने तेही पुसलं. आणि मला काय वाटलं असेल? सुटलो. पहिल्यांदा हेच वाटलं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात नामावली तपासायला आली. शुक्रवारी पाचला ती बंद होणार होती. 'विश्रांती आणि रसद: नितीन भीमराज साळवे.' त्याखाली, 'विशेष आभार: बनाबाई कचरू भिंगारदिवे.' आई न् लेक, एकमेकांचे कोणी नसल्यासारखे. तीन दिवस मी ती यादी उघडत होतो आणि मिटत होतो. गेममध्ये लोक वेळ काढतात म्हणून मीच शिव्या घालायचो. शुक्रवारी साडेचारला भार्गवीला फोन लावला.

"मावशींचं नाव चुकलंय. बनाबाई भीमराज साळवे लिही. माझी आई आहे ती."

"माहीत आहे," भार्गवी म्हणाली. "सहाही जणांना तेव्हाच कळलं. साहेबाच्या चहातली साय कोण बोटाने काढतं, नितीन?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"त्या तुला एवढं सांभाळत होत्या. मी कुठल्या तोंडाने बोलू?"

फोन ठेवला तेव्हा आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने अर्धंमुर्धं ऐकलं असावं.

"काय रं? कुनी वळखलं तर न्हाई ना?"

"सगळ्यांनी ओळखलं, आई. त्याच दिवशी. तू साय काढलीस ना, तेव्हा."

तिचा चेहरा पडला. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"माजंच चुकलं रं," ती म्हणाली. "ध्यानातच ऱ्हायलं न्हाई माज्या."

मी तिच्या हातातला कप घेतला. साय तिने आतूनच काढून आणली होती.