सात मार्चचा वार

बुधीने चपला दाराबाहेर काढल्या, पायपुसण्यावर पाय दोनदा घासले आणि मगच ती संगणकाच्या खोलीत शिरली. पालघरच्या त्या कॉलेजात एवढा मान याच खोलीला होता. खिडक्यांना जाड निळे पडदे, वर गार हवेची एकसुरी घरघर. बाहेरची एप्रिलची दुपार पडद्यातून गाळून येताना अशी काही निळी व्हायची, की सगळी मुलं पाण्याच्या तळाशी बसल्यासारखी दिसायची.

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून राऊत मॅडम आल्या होत्या. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाला त्या आठवडाभर एकच गोष्ट शिकवत होत्या: जुने कागद जागेवरून न हलता कसे शोधायचे. काल त्यांनी तळहाताएवढी चकचकीत सीडी सगळ्यांना दाखवली होती. जुन्या लाकूडठेकेदारांच्या दप्तरांतल्या मजुरांची अख्खी सूची तिच्यात मावली होती. आज प्रत्येकाने तिच्यातली एक नोंद शोधायची आणि तिच्यावर पानभर लिहायचं, असं ठरलं होतं.

शेजारच्या खुर्चीवरची मंजुळा तोंड फुगवून बसली होती. पालघरजवळच्या माहीमच्या कोळीवाड्यातली पोर, तिने आधी स्वतःचं गाव टाकून पाहिलं होतं.

"मुंबईचंच माहीम दाखवतंय. आमचं माहीम या डब्याला ठावंच नाय."

"तुमच्या माहीमचा वास काचेतून जात नसंल," बुधी म्हणाली.

मंजुळाने तिला कोपराने ढोसलं.

बुधीने नाव टाकलं. सुका. संगणकाचा पडदा क्षणभर रिकामा राहिला, मग नावं वाहायला लागली. एकशे त्रेचाळीस सुका. ती बघतच राहिली. डोंगरातून माणसांची रांगच्या रांग उतरून यावी आणि प्रत्येकाने आपलं तेच नाव सांगावं, तसं ते होतं. मंजुळाही हसायची थांबली.

"एवढे कसे गं?"

"शुक्रवारी जन्मला की सुका. आमच्यात वारावरूनच नाव ठेवतात. मी बुधवारची."

राऊत मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "चाळणी लाव. गाव टाक, मग वडिलांचं नाव."

मासवण टाकल्यावर नऊ उरले. गोमा टाकल्यावर दोन.

दोन्ही नोंदी एकाखाली एक होत्या, दोन्ही एकाच सालच्या. पहिलीत लिहिलं होतं: तळावर ताप येऊन मृत्यू, जानेवारी १९२८. दुसरीत: तळावरून पळाला, ७ मार्च १९२८, शोध लागला नाही.

बुधीचे हात मांडीवर आले.

तिच्या आजाने, बुधाने, आपला बाप पाहिला नव्हता. आजा पोटात असतानाच त्याचा बाप सुका ठेकेदाराच्या तळावर लाकूडतोडीला गेला आणि परत आला नाही. बायकोला टाकून पळाला, असं गाव म्हणायचं. आजा पोरवयात भांडला, की समोरचा पहिल्यांदा तेच काढायचा. आजाची आई मात्र मरेपर्यंत सांगत राहिली, की पोर झालं त्या राती तो आला होता, होळीचा चांद डोक्यावर होता, पोराला हातात धरून उंबऱ्यात बसला होता आणि उजाडायच्या आत निघून गेला. दुसऱ्या कुणी त्याला पाहिलं नाही. बाळंतिणीला भास झाला, म्हणत लोक. पुढे आजाही तेच म्हणायला लागला.

काल रात्री भाकर मोडता मोडता त्याने विचारलं होतं, "तुझ्या त्या पेटीत आमचा म्हातारा सापडंल काय?" आणि तिने छाती पुढे काढून सांगितलं होतं, सापडंल.

"तापाचा घे," मंजुळा हळूच म्हणाली. गोष्ट तिला ठाऊक होती. "मेलेला बरा. पळालेला घरी नको नेऊ."

बुधीने पेन्सिल उचलली. वहीत 'ताप' एवढं लिहिलंही. आजाला बरं वाटलं असतं. बाप आजारी पडून गेला, यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तिने परत पडद्याकडे पाहिलं. खालच्या ओळीतला आकडा लुकलुकल्यासारखा वाटत होता.

"मॅडम, या तारखेला वार कोणता होता, ते सांगतंय काय हे?"

मॅडमनी चौकटी-चौकटींचा एक कागद पडद्यावर उघडला, एका चौकटीत तारीख टाकली, दोन कळा दाबल्या. तारीख गेली आणि तिथे इंग्रजी अक्षरं उमटली.

"बुधवार," मॅडम म्हणाल्या. "का गं?"

बुधीच्या आधी मंजुळाच म्हणाली, "हिच्या आजाचं नाव बुधा हाय."

मग बुधीने सगळं सांगितलं, भडाभडा, होळीच्या चांदासकट. मॅडम चष्मा काढून ऐकत राहिल्या.

"होळी त्या आठवड्यात होती का, ते जुन्या पंचांगात बघता येईल," त्या म्हणाल्या. "तरी हा पुरावा होत नाही, बुधी. आठवड्यात एक बुधवार असतोच."

"ठावं हाय मॅडम."

"मग पान कोणत्या नोंदीवर लिहिणार?"

बुधीने 'ताप' खोडला.

ती मासवणला उतरली तेव्हा उन्हं कलली होती. आजा अंगणात बाजेवर बसला होता. तिने दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या, आधी तापाची, मग पळाल्याची. दुसरीला आजाने मान खाली घातली.

"म्हंजे गाव खरंच बोलत व्हता."

"ऐक तर आजा. घरातून नाय पळाला. तळावरून पळाला. बुधवारी."

आजाचा अंगठा बाजेच्या सुंभावरून फिरत राहिला, पुढे, मागे.

"मॅडम म्हणतात, नक्की सांगता येणार नाय," ती म्हणाली. हे सांगायचं नाही असं तिने बसमध्ये ठरवलं होतं, पण सांगितलं.

"कुठं व्हता तो तळ?"

"डोंगराच्या पल्याड."

आजाने हात पुढे केला. तिने त्याला उठवलं. तो कुडाला धरत धरत घराच्या मागे गेला. तिथून डोंगर सगळा दिसायचा, करवंदीच्या जाळ्यांमधून खाली येणाऱ्या दोन पायवाटांसकट. डोळ्यांवर हात धरून तो बराच वेळ वर बघत उभा राहिला.

"त्या डावीकडच्या वाटेनं आला आसंल," तो म्हणाला. "ती जवळ पडते."