पेटलेल्या पळसाखालून

मित्रांनो, मी एक जुनी चप्पल आहे, रीनाच्या डाव्या पायातली. चिमूरच्या बाजारात सादिकभाईंनी ट्रकच्या टायरातून माझा तळ कापला, वर लाल पट्टा ठोकला आणि म्हणाले, "घे पोरी, काटा मोडन, पण हे नाई मोडत." खरंच, माझ्या उजव्या बहिणीसोबत मी रीनाचे पाय काट्याकुट्यांतून, तापल्या मातीतून जपले.

रविवारी मात्र आम्ही चर्चच्या पायरीवर थांबायचो. आत मनकर्णाबाई मुलांना बायबलच्या जुन्या करारातल्या गोष्टी सांगत. एकदा मोशेची गोष्ट निघाली. डोंगरावर झुडूप पेटलेलं, पण जळत नव्हतं. आतून देव बोलला, जोडे काढ, ही भूमी पवित्र आहे. मोशेनं भिऊन तोंड झाकलं.

बाहेर मी ऐकत होते. मला जरा वाईटच वाटलं.

गोष्ट संपली. रीना आम्हाला घालून निघाली आणि फाटकाशीच खिळली. समोर वाटेवर फाल्गुनातला पळस ओणवला होता. अंगावर पान नाही, नुसत्या ज्वाळा! तिनं घाईघाईनं आम्हाला काढलं. घरची वाट तर त्याच्याच खालून जात होती.

"काऊन थांबली वो?" मागून बाई आल्या.

"मी रोज चप्पल घालून याच्या खालून गेली. देव मले जाळन."

बाई खळखळून हसल्या. "येडी! पळस व्हय तो."

"पळस त आहेच. मोशेचं बी झुडूपच होतं ना?"

बाईंचं हसू विरलं. त्या झाडाकडे पाहत राहिल्या. मग वाकून त्यांनी आपल्याही चपला काढल्या.

"भेव मले बी वाटते, रीना. पण सांग, त्या आगीनं झुडपाचं एक पान तरी जाळलं का?"

"नाई."

"मंग तुले काऊन जाळन? चाल."

दोघी अनवाणी निघाल्या. वाट चालताना जन्मात पहिल्यांदा मी पायाखाली नव्हते, रीनाच्या छातीशी होते. तिचं काळीज धडधडत होतं. वर लाल, खाली लाल, मधे पोरीची इवली पावलं. एक फूल टपकन माझ्या पट्ट्यावर पडलं. रीनानं मान वर केली, आणि ती धडधड हळूहळू निवली.

आता तिचे पाय मोठे झालेत. मी पडवीतल्या फळीवर असते, पट्टा तुटलेला. पण पळस फुलला की रीना अजून नव्या चपला हातात घेऊन त्याच्याखालून जाते, आणि मला मोशेचे जोडे आठवतात. तेही असेच बाजूला थांबले असतील, दुरून उजेड पाहत.

म्हणून मित्रांनो, आम्हाला काढाल तेव्हा भिरकावू नका. जोडीनं ठेवा, तोंड वाटेकडे करून. तुमचे पाय मातीला भेटून येईपर्यंत आम्ही थांबू.